छातीचे माप जुळले, पण खांदे उतरले: छापील पॅटर्न स्वतःच्या अंगाला बेतून घेताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. छापील पॅटर्नवरून, म्हणजे कपडा कापण्यासाठी मिळणाऱ्या कागदी नमुन्यावरून, आपण स्वतःसाठी पहिल्यांदाच पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा, पुढे बटणे असलेला शर्ट शिवला. छातीचा घेर ४२ इंच भरला म्हणून तक्त्यात ४२ च्या रकान्यातला २० नंबरचा साइज कापला. आता छातीवर बटणे नीट लागतात, पण खांद्याची शिवण दंडावर उतरते, कॉलर मानेपासून सुटी राहते, पाठीवर झोळ पडतो आणि हात वर केला की सगळा शर्ट बाहीबरोबर वर ओढला जातो. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेभोवतीची गोल जागा, अर्धा इंच खोल करा, असा सल्ला आपल्याला मिळाला आहे. तो मानावा की एक साइज लहान घेऊन पुन्हा कापावे, असे आपण विचारता.

मुंढ्याला कात्री लावू नका, एवढे आधी सांगते. एक साइज लहान घेण्यानेही अडचण पुरती सुटणार नाही, कारण मग खांदे बसतील पण छातीवरची बटणे ताणली जातील. आपण साइज निवडला तो शरीराच्या अशा जागेच्या मापावरून, जी कागदावर बदलायला सर्वांत सोपी असते, आणि त्यामुळे ज्या जागा बदलायला अवघड असतात त्या सगळ्या चुकल्या. हा क्रम उलटा करायला हवा: खांदा, गळा, मुंढा आणि पाठीची रुंदी ज्या साइजमध्ये बसेल तो साइज घ्यायचा आणि छातीला लागणारी जागा कागदावर स्वतः वाढवून घ्यायची.

असे का करावे लागते, हे पॅटर्न कसे तयार होतात ते पाहिले की ध्यानात येते. १८६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने एकच कपडा वेगवेगळ्या साइजमध्ये देणारे कागदी पॅटर्न काढले. त्याआधीचे पॅटर्न बहुधा एकाच मापाचे असत आणि ते लहानमोठे करण्याचे काम शिवणाऱ्याच्या माथी येत असे. बटरिकमुळे ते काम पुष्कळ हलके झाले. मात्र आजही पद्धत तीच आहे: एक मूळ साइज आखायचा आणि त्यावरून ठरलेल्या प्रमाणात बाकीचे साइज वाढवत किंवा कमी करत न्यायचे. त्यामुळे तक्त्यात छातीचा घेर चार इंचांनी वाढला की त्याबरोबर खांदा लांबतो, गळा रुंदावतो, मुंढा खाली जातो आणि पाठ पसरते. आपल्या शरीरात मात्र खांद्याची हाडे छातीच्या घेराबरोबर वाढत नाहीत. ज्यांची छाती हाडांच्या मानाने भरदार आहे, त्या सगळ्यांना ही अडचण येते, आणि ज्यांची छाती हाडांच्या मानाने लहान आहे त्यांना नेमकी उलटी.

आता मापांकडे येऊ. आपण कळवलेल्या मापांत छातीचे एकच माप आहे, मला दोन लागतील. पहिले वरच्या छातीचे: टेप काखेत अगदी वरपर्यंत नेऊन, पाठीवर आडवी ठेवून, पुढे छातीच्या उभाराच्या वरून घ्यायचे. दुसरे पूर्ण छातीचे, सर्वांत भरलेल्या जागेवरून, जे आपल्याकडे आहे. रोज शर्टाखाली जे अंतर्वस्त्र घालता तेच घालून दोन्ही मापे घ्या, कारण त्याच्या फरकाने एक इंचही सहज इकडेतिकडे होतो. अमेरिकी पद्धतीचे बहुतेक छापील पॅटर्न या दोन मापांत सुमारे २ इंचांचा फरक आहे असे धरून आखलेले असतात. आपला फरक त्याहून जास्त असेल, आणि आपण लिहिलेल्या लक्षणांवरून तो असणारच, तर पूर्ण छातीच्या मापाने साइज निवडणे सोडून द्यावे.

समजा, आपली वरची छाती ३६ इंच भरली. यापुढे जाणकारांत दोन मते आहेत. काहीजण ३६ हाच आकडा तक्त्यातील छातीच्या रकान्यात शोधतात आणि १४ नंबर घेतात. मी वरच्या छातीत पॅटर्नने धरलेले २ इंच मिळवते आणि ३८ चा, म्हणजे १६ नंबर घेते. पहिली पद्धत अरुंद खांद्याच्या, बारीक हाडांच्या व्यक्तीला चांगली लागू पडते. पाठ रुंद असेल तर ती काखेत काचते. आपली हाडे कशी आहेत हे मला येथून दिसत नाही, म्हणून एक सोपा निवाडा सुचवते. आपल्याला खांद्यावर उत्तम बसणारा, ताण न घेणाऱ्या कापडाचा एखादा जुना शर्ट घ्या, त्याच्या पाठीची रुंदी मुंढ्याच्या मध्यावर एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजा आणि पॅटर्नच्या पाठीच्या तुकड्यावर त्याच जागी, शिलाईची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेले जास्तीचे कापड, वगळून, १४ आणि १६ या दोन्ही साइजच्या रेघा मोजून पाहा. जी रेघ जवळ येईल तो आपला साइज. तयार कपड्यावरच्या चिठ्ठीतील नंबर येथे पूर्णपणे विसरावा. पॅटर्नचे नंबर आणि दुकानातील कपड्यांचे नंबर यांचा एकमेकांशी काही मेळ नसतो.

कंबर आणि सीट (नितंबांचा घेर) यांची चिंता या टप्प्यावर करू नये. बहुतेक पॅटर्नमध्ये एकाच कागदावर अनेक साइजच्या रेघा असतात, त्यामुळे वर १६ ची रेघ घेऊन काखेखालून हळूहळू २० च्या रेघेकडे सरकत जाता येते. ही नवी रेघ फ्रेंच कर्व्हने, म्हणजे वळणाच्या पट्टीने, आखा. सरळ पट्टीने आखली तर कमरेच्या जागी कोन पडतो आणि शिवल्यावर तो कोन बाजूला टोकासारखा दिसतो.

आणखी एक आकडा पाहायचा राहतो, तो म्हणजे तयार कपड्याचा घेर. पाकिटावरच्या तक्त्यात शरीराची मापे असतात, तर पुष्कळ पॅटर्नच्या कागदावर छातीच्या रेघेजवळ तयार कपड्याचे माप वेगळे छापलेले असते. या दोहोंतील फरक म्हणजे लूजिंग. श्वास घेणे, वाकणे, हात पुढे करणे यांसाठी न ताणणाऱ्या कापडात मी छातीला निदान २ ते ३ इंच लूजिंग ठेवते. त्यावर जे जास्तीचे असते ती त्या फॅशनची ढिलाई. काही शर्ट मुळातच ६ किंवा ८ इंच ढिले आखलेले असतात, खांद्याची शिवणही मुद्दाम दंडावर उतरवलेली असते. आपला पॅटर्न तसा असेल, तर आपण ज्याला दोष समजता त्यातला काही भाग त्याची घडणच असू शकतो. म्हणून कात्री उचलण्याआधी पाकिटावरच्या चित्रात खांद्याची शिवण कोठे आहे ते एकदा नीट पाहा. ताणणाऱ्या होजिअरी कापडासाठी आखलेल्या पॅटर्नचे गणित वेगळे असते. तेथे तयार घेर शरीरापेक्षा लहानही असू शकतो, त्यामुळे त्या पॅटर्नवर साधे सुती कापड कापण्याचा मोह आवरावा.

छाती वाढवण्याची कृती जरा सविस्तर सांगते, कारण पुस्तकी आकृती पाहून बहुतेकजणी घाबरतात आणि सोपा म्हणून चुकीचा मार्ग धरतात, तो म्हणजे बाजूच्या शिवणीला सरळ एक-दोन इंच जोडण्याचा. तशाने घेर वाढतो, पण तो काखेत वाढतो, जेथे तो नको असतो. छातीच्या उभारावरून खाली यायला पुढच्या भागाची लांबीही जास्त लागते, ती मात्र मिळत नाही, आणि मग शर्ट पुढून वर उचललेला दिसतो.

मूळ पॅटर्न कधीही कापू नका. पुढच्या भागाची बटर पेपरवर नक्कल काढा आणि शिलाईची रेघही आखून घ्या. अनेक अमेरिकी पॅटर्नमध्ये पाच अष्टमांश इंच माया धरलेली असते, तर जर्मनीच्या ‘बुर्डा’ मासिकातील आराखड्यांत माया धरलेलीच नसते. त्यामुळे आपल्या पॅटर्नच्या सूचना वाचून मगच ती रेघ ठरवा. सर्व बदल शिलाईच्या रेघेवरून मोजायचे असतात, कापायच्या रेघेवरून नव्हे.

नक्कल अंगावर धरून छातीचा सर्वांत पुढचा बिंदू, म्हणजे टक्स पॉइंट, स्वतःच्या शरीराप्रमाणे त्यावर खूण करून घ्या. टक्स म्हणजे कापडाला उभार देण्यासाठी शिवलेली निमुळती चिमट. या बिंदूपासून तीन रेघा काढायच्या: एक खाली शर्टाच्या तळाच्या कडेपर्यंत, उभ्या धाग्याच्या बाणाला समांतर; दुसरी वर मुंढ्याकडे, मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागात शिलाईच्या रेघेला मिळणारी; तिसरी बाजूच्या टक्सच्या मधून बाजूच्या शिवणीपर्यंत. पहिली रेघ खालून कापत बिंदूपर्यंत या आणि तशाच वळून दुसरी रेघ मुंढ्याच्या शिलाईरेघेपर्यंत कापा; तेथे कागद केसभर जोडलेला राहू द्या आणि बाहेरच्या मायेत समोरासमोर एक छोटा काप द्या, म्हणजे तो सांधा बिजागरीसारखा फिरेल. तिसरी रेघ बाजूकडून बिंदूपर्यंत कापा आणि बिंदूपाशी तसाच केसभर सांधा ठेवा.

किती उघडायचे? पूर्ण छाती ४२, निवडलेल्या साइजची ३८, फरक ४ इंच. पुढचे तुकडे दोन, म्हणून प्रत्येकात २ इंच. उभ्या कापाच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर ठेवून, बिंदूपाशी २ इंच अंतर पडेल इतके उघडा. तसे करताना बाजूचा टक्स आपोआप रुंद उघडतो आणि बाजूचा भाग मधल्या भागापेक्षा खाली उतरतो. तेवढीच लांबी मधल्या भागाला द्यायची असते: बिंदूच्या खाली मधला भाग आडवा कापा आणि तळाच्या कडा एका पातळीवर येईपर्यंत खाली सरकवा. मागे कागद चिकटवा. नव्या टक्सचे टोक बिंदूच्या १ ते १.५ इंच आधी थांबवा, नाहीतर छातीवर टोचल्यासारखा कोंब दिसतो.

प्रत्येक बाजूला २ इंच ही वाढ मोठी आहे, आणि इतका रुंद एकच टक्स शिवला तर तो इस्त्रीनेही नीट बसत नाही. दीड इंचापुढे मी तो नेहमी विभागते, अर्धा बाजूला ठेवते आणि अर्धा कमरेच्या उभ्या टक्समध्ये वळवते. कमरेपाशी वाढलेली रुंदी नको असेल तर तीही याच उभ्या टक्समध्ये जिरते. आपला शर्ट मुळात बिनटक्सचा असेल, तर याच कृतीने त्यात नवा टक्स तयार होईल. तो नकोच असा आग्रह धरला, तर छातीपासून काखेकडे जाणारा तिरपा झोळ स्वीकारावा लागेल. पुढची बटणपट्टी मधल्या भागाइतकीच लांबवायला विसरू नका. बटणांच्या खुणाही नव्याने करा आणि पहिली खूण छातीच्या बरोबर पातळीवर करून बाकीची बटणे तिच्या वरखाली समान अंतरावर घ्या. छातीवर शर्ट फाकतो तो पुष्कळदा घेर कमी असल्याने नव्हे, तर त्या पातळीवर बटणच नसल्याने.

आता मुंढा. येथे माझी स्वतःची चूक सांगणे भाग आहे. सुरुवातीच्या काळात एका जाकिटाच्या बाह्या काचत होत्या म्हणून मी मुंढा पाव इंच खोल केला, तरी काचल्या. म्हणून आणखी पाव इंच, मग आणखी. शेवटी हात खांद्याच्या वर जाईना आणि कापड संपले. उलटे वाटेल, पण मुंढा जितका खाली, तितका हात बांधला जातो. हात फिरतो तो खांद्याच्या सांध्यातून. बाही आणि शर्ट जेथे काखेत जोडले आहेत ती जागा सांध्याच्या जवळ असेल, तर हात वर गेल्यावर थोडेच कापड हलते. ती जागा खाली बरगडीवर असेल, तर हाताला सगळी बाजू ओढत वर न्यावी लागते. आपला शर्ट वर उचलला जातो त्याचे कारण हेच: २० नंबरचा मुंढा आपल्या हाडांसाठी आधीच खोल आहे. १६ नंबरला आल्यावर तो आपोआप वर येईल. तरीही ओढ राहिली, तर पुढचा भाग, पाठ आणि बाही या तिन्हींवर काखेचा बिंदू सारख्याच मापाने, अर्ध्या इंचापर्यंत, वर घ्या.

लहान साइजची बाही दंडाला घट्ट होईल, ही शक्यता मात्र खरी आहे. दंडाच्या सर्वांत जाड भागाचे माप घेऊन त्यात निदान २ इंच लूजिंग मिळेल एवढी बाही तेथे रुंद हवी. कमी पडली तर बाहीच्या कागदावर उभी आणि काखेच्या पातळीवर आडवी अशा दोन रेघा अधिक चिन्हासारख्या कापून दंडापाशी बाजू बाहेर सरकवाव्या. बाहीच्या गोलाईची, म्हणजे मुंढ्याला जोडायच्या वक्र कडेची, लांबी तेवढीच राहते आणि टोपी, म्हणजे त्या गोलाईचा वरचा उंचवटा, थोडी बसकी होते. त्याने हात वर करणे सोपेच होते. बाही जोडण्याआधी गोलाईची आणि मुंढ्याची शिलाईरेघ टेप उभी धरून मोजा. शर्टाच्या बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच जास्त असली तरी पुरते; घडणीच्या जाकिटात ती दीड इंचापर्यंत चालते, कारण तेथे कापड वाफेने आटवून बसवता येते.

येथवर झाले ते कागदावरचे काम. यानंतर थेट चांगल्या कापडाला हात न लावता मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा, एक कच्चा शर्ट कापा, निदान कमरेपर्यंतचा. त्याची जाडी आणि लोळ (अंगावर पडण्याची ढब) अंतिम कापडाच्या जवळचा हवा. मऊ रेशमी कापडाची चाचणी कडक मांजरपाटावर घेऊन काही कळत नाही. कापल्यावर छातीची आणि कमरेची आडवी रेघ, तसेच पुढची-मागची मधली उभी रेघ पेन्सिलीने कापडावर आखा, मोठ्या टाक्याने शिवा, कॉलर लावू नका आणि बाही एकच जोडा.

मग आरशासमोर उभे राहून आधी फक्त पाहा, टाचण्या नंतर. आडव्या रेघा जमिनीला समांतर आहेत का? जेथे रेघ वर चढली आहे तेथे लांबी कमी पडते आहे. ताणाची सुरकुती तिला हव्या असलेल्या जागेकडे बोट दाखवते: टक्स पॉइंटकडे धावणाऱ्या सुरकुत्या असतील तर छातीला आणखी जागा हवी. सैल, लोंबणारी घडी जास्तीचे कापड सांगते. गळ्याजवळून काखेकडे तिरपी उतरणारी सैल घडी असेल तर खांदे पॅटर्नपेक्षा उतरते आहेत. मागे मानेखाली आडवी वळकटी असेल तर बहुधा खांदे चौकोनी आहेत. आपल्यासारख्या तक्रारीत मला अनेकदा पाठीचा वरचा भाग किंचित गोल आणि खांदे पुढे आलेले आढळतात. तशा वेळी खांद्याची शिवण टोकाशी पाव-अर्धा इंच पुढे सरकवली की कॉलर मागे ओढली जाणे थांबते. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा घालून पाहा, कारण एका दुरुस्तीने दुसरा दोष पुष्कळदा आपोआप नाहीसा होतो. दोन्ही खांदे सारखे असतीलच असे नाही; अर्ध्या इंचाचा फरक मी अगदी नेहमी पाहते. पाठीच्या टाचण्या कोणाकडून तरी लावून घ्या, कारण आपण हात मागे नेला की पाठीचे मापच बदलते.

मांजरपाट बसला की तो उसवून त्यावरचे सगळे बदल कागदावर उतरवा. अंतिम कापड कापण्याआधी ते पुढे ज्या पद्धतीने धुणार त्याच पद्धतीने एकदा धुऊन घ्या, आणि उभ्या धाग्याच्या बाणाची दोन्ही टोके कापडाच्या किनारीपासून सारख्या अंतरावर आहेत ना, हे टेपने मोजा. डोळ्यांच्या अंदाजावर सोडलेला पाव इंच धुतल्यावर शर्टाला पीळ देतो.

राहिला शिवून झालेला शर्ट. तो सगळा सुधारणार नाही, पण घालण्याजोगा नक्की होईल. बाह्या उसवा, खांद्याचे टोक जेथे हाड संपते तेथे खूण करा आणि तेथून मुंढ्याची नवी रेघ अशी आखा, की ती मुंढ्याच्या मध्याखाली जुन्या रेघेत मिसळेल. काखेत काहीही कापू नका. पाठीचा झोळ दोन उभ्या टक्समध्ये घ्या. बाहीची आणि बाजूची शिवण सलग थोडी आत घेतली तर दंडाची ढिलाईही कमी होईल. मुंढा वर उचलण्याचा एक मार्ग असतो, खांद्याची शिवणच आत घेण्याचा, पण त्याने गळा लहान होतो, टक्स वर सरकतो आणि कॉलर काढून पुन्हा बसवावी लागते. पहिल्याच शर्टासाठी एवढा खटाटोप मी करणार नाही. खांदे आणि पाठ नीट करून, बाह्या कोपरापर्यंत दुमडून तो वापरा, आणि वरच्या छातीचे माप घेतले की मला कळवा; १४ की १६ ते मग पाहू.